विल्यम कॅरे आणि छापील मोडी

लग्नसराई जवळ आली की सिहोऱ्यापासून तुमसरपर्यंतच्या छापखान्यांत एकच मागणी ऐकू येते : अक्षर वळणदार पाहिजे. वधूवरांची नावे साध्या उभ्या टाइपात कोणालाच नको असतात. इंग्रजीत पत्रिका काढणारे तर ती तिरकी, लांब शेपट्या सोडलेली, लेखणीने लिहिल्यासारखी दिसणारी अक्षरेच निवडतात. आमच्या स्नेहसंमेलनाच्या निमंत्रणपत्रिकेच्या निमित्ताने मलाही छापखान्यात बसून अशी अक्षरे न्याहाळता आली. एक गोष्ट तेव्हा लक्षात आली. इंग्रजी अक्षरांना इटॅलिक केले की काही अक्षरांचे रूपच पालटते. मराठी अक्षरांना तसे केले तर ती वाऱ्याने कललेल्या धानासारखी नुसती एका अंगावर झुकतात. असे का होत असावे, या प्रश्नाच्या मागे लागलो आणि वाचता वाचता एका अशा माणसापाशी येऊन पोचलो, ज्याचे नाव आपण इतिहासाच्या पुस्तकात दोन ओळींत वाचून पुढे जातो. तो माणूस म्हणजे विल्यम कॅरे.

पण कॅरेकडे जाण्यापूर्वी इटॅलिक म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. हे अक्षर इटलीत जन्मले म्हणून त्याला ते नाव मिळाले. पंधराव्या शतकात तिथले विद्वान आणि पोपच्या दप्तरातले कारकून रुंद टोकाच्या पिसाने झरझर लिहीत. भरभर लिहिताना अक्षर उजवीकडे कलते, अरुंद होते आणि हात न उचलता एका अक्षरातून दुसऱ्यात जातो. व्हेनिसचा मुद्रक आल्डस मनुशियस याने १५०१ मध्ये व्हर्जिल या लॅटिन कवीचे काव्य हातात सहज मावेल अशा लहान आकारात छापले, तेव्हा या धावत्या हस्ताक्षराचे खिळे त्याने वापरले. ते कोरणाऱ्या कारागिराचे नाव फ्रान्चेस्को ग्रिफो. पुढे या अक्षराचे काम बदलत गेले. उभ्या अक्षरांच्या पंगतीत एखादा शब्द उठून दिसावा, ग्रंथाचे नाव वेगळे कळावे, यासाठी ते वापरात राहिले. त्याचे नटवे रूप निमंत्रणे, मानपत्रे आणि प्रमाणपत्रे यांच्या वाट्याला आले. १९७९ मध्ये हेर्मान त्साफ या जर्मन अक्षरकाराने असेच एक नटवे इटॅलिक तयार केले. पुढच्या दशकात ते लेझर प्रिंटरबरोबरच मिळू लागले आणि जगभरच्या पत्रिकांवर जाऊन बसले. त्यातल्या जाड-बारीक रेषा रुंद टोकाच्या लेखणीच्या आहेत, मोठ्या अक्षरांच्या शेपट्या मनगटाच्या फिरकीच्या आहेत. चार ओळींना ते शोभून दिसते, चाळीस पानांना मात्र डोळे शिणवते.

म्हणजे खरे इटॅलिक ही उभ्या अक्षराची कललेली सावली नव्हे. ते त्याच भाषेचे, पण धावत्या हाताचे दुसरे अक्षर आहे. मग मराठीचा धावता हात कोणता? याचे उत्तर आपल्या आजोबा-पणजोबांना विचारायची गरज पडली नसती. मराठीचा धावता हात म्हणजे मोडी.

पोथी लिहायची ती बाळबोधीत, आणि पत्र, हिशेब, सनद, कर्जरोखा लिहायचा तो मोडीत, अशी आपल्याकडे वाटणी होती. मोडीचा आरंभ यादवांचा प्रधान हेमाद्री याने केला अशी परंपरेने चालत आलेली समजूत आहे. शिवकाळात आणि पेशवाईत ती भराला आली. चिटणिशी, बिवलकरी, रानडी अशी तिची वेगवेगळी वळणे होती. लिहिणारा आधी कागदावर आडवी रेघ ओढून घेई आणि मग बोरू शक्य तितका न उचलता त्या रेघेखाली अक्षरे लोंबवीत जाई. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, दोन शब्दांत जागा सोडायची नाही, नेहमीच्या शब्दांची संक्षिप्त रूपे ठरलेली. काना तर खालून वर चढत थेट पुढच्या अक्षराला जाऊन भिडतो. इटॅलिकचे जे मुख्य लक्षण, एका अक्षरातून हात दुसऱ्यात जाणे, ते मोडीत पुरेपूर आहे. मोडीला धातूच्या खिळ्यांत बसवण्याचा मोठा उद्योग ज्याने चालवला तो माणूस मराठी नव्हता, आणि धंद्याने मुद्रकही नव्हता. तो जोडे शिवणारा होता.

विल्यम कॅरेचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडमधल्या नॉर्दम्प्टनशायर परगण्यातल्या पॉलर्सपरी या खेड्यात झाला. वडील एडमंड हे विणकर होते. आपल्या मोहाडी-पवनीकडच्या विणकरांसारखेच त्यांचेही माग घरातच असत. पुढे वडिलांना गावच्या शाळेत मास्तरकी मिळाली, म्हणून मुलाला चार अक्षरे आली. उन्हात काम केले की कातडीला त्रास होई, त्यामुळे शेतावरची मजुरी त्याला झेपेना. तेव्हा वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्याला जोडे शिवणाऱ्याकडे उमेदवारीला ठेवले. तिथे त्याच्या हाताला आरी आली आणि मनाला भाषेचा छंद लागला. मालकाकडच्या एका पुस्तकात ग्रीक शब्द दिसले, ते त्याने जसेच्या तसे उतरून घेतले आणि जाणकाराकडून त्यांचा अर्थ समजून घेतला. लॅटिन, ग्रीक, हिब्रू, डच, फ्रेंच या भाषा तो बहुतेक स्वतःच्या बळावर शिकला. पुढे स्वतःचे दुकान आणि लहानशी शाळा चालवत असताना त्याने भिंतीवर जगाचा एक मोठा नकाशा लावला होता, आणि देशादेशांची जी माहिती वाचनात येई ती तो त्यावर टिपून ठेवी. कातडे कापता कापता तो जग पाहत होता.

धर्माने तो बाप्टिस्ट पंथाचा उपदेशक झाला. परदेशी जाऊन ख्रिस्ती धर्माचा प्रसार करावा, हे त्याच्या आयुष्याचे ध्येय ठरले. त्यासाठी १७९२ मध्ये त्याच्या खटपटीने एक मंडळ स्थापन झाले आणि १७९३ मध्ये तो कुटुंबासह बंगालमध्ये आला. त्याच्या धर्मप्रसाराविषयी आपले मत काहीही असो, आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते त्याच्या मनातले एक साधे सूत्र : माणसाला काही सांगायचे असेल तर ते त्याच्या भाषेत आणि त्याला वाचता येईल अशा अक्षरात सांगितले पाहिजे.

त्याची पहिली काही वर्षे फार हालाची गेली. हातात पैसा नव्हता आणि कंपनी सरकारला मिशनरी नको होते. शेवटी मालदा भागात मदनावती येथे एका निळीच्या कारखान्यावर देखरेखीची नोकरी मिळाली. तिथे त्याचा पाच वर्षांचा मुलगा पीटर आजाराने गेला. पत्नी डोरोथी मुळात मायदेश सोडायला राजी नव्हती. त्यातून या धक्क्याने तिच्या मनाचा तोल गेला आणि १८०७ मध्ये मृत्यू येईपर्यंत ती सावरली नाही. कॅरेच्या शब्दकोशांचे आणि भाषांतरांचे कौतुक करताना, त्या पानांच्या शेजारच्याच खोलीत एक दुःखी बाई कोंडल्यासारखी जगत होती, हे विसरून चालणार नाही. थोरांच्या चरित्रात अशा माणसांना एक ओळ मिळते. तीही पुष्कळदा मिळत नाही.

मदनावतीला असतानाच १७९८ मध्ये एक लाकडी छपाईयंत्र त्याच्या हाती आले. आसपासच्या लोकांनी ते पाहून हा साहेबाचा देव असावा असा समज करून घेतला, असे सांगतात. यंत्र आले, पण यंत्र म्हणजे छपाई नव्हे. छपाईला खिळे लागतात, आणि बंगालीचे किंवा नागरीचे खिळे लंडनहून करवून आणणे त्याच्या आवाक्यातले नव्हते.

१० जानेवारी १८०० रोजी कॅरे श्रीरामपूरला राहायला आला. हे आपल्या महाराष्ट्रातले श्रीरामपूर नव्हे. कलकत्त्याच्या वर, हुगळी नदीच्या काठी ते आहे आणि त्या वेळी ते डेन्मार्कच्या ताब्यात होते, म्हणून कंपनीचा हुकूम तिथे चालत नसे. इंग्लंडहून नुकतेच आलेले विल्यम वॉर्ड आणि जोशुआ मार्शमन हे दोन सोबती त्याला तिथे मिळाले. वॉर्ड हा कसलेला मुद्रक होता आणि मार्शमन शिक्षक. तिघांनी मिळून एकत्र संसार थाटला. प्रत्येकाची कमाई एका थैलीत जाई आणि घरखर्चापुरते त्यातून मिळे. उरलेला पैसा छापखाना आणि शाळा यांच्याकडे वळे.

पण या तिघांनाही जे येत नव्हते ते एका बंगाली कारागिराला येत होते. त्याचे नाव पंचानन कर्मकार. लोहाराच्या जातीतला, धातूवर कोरकाम करणारा हा माणूस. १७७८ मध्ये हॅल्हेडचे बंगाली व्याकरण हुगळीत छापले गेले तेव्हा चार्ल्स विल्किन्स याने बंगालीचे खिळे तयार केले होते, आणि ते काम पंचानन त्याच्या हाताखाली शिकला होता. तो श्रीरामपूरच्या छापखान्यात आला आणि कॅरेचे नशीब पालटले. १८०१ मध्ये बंगाली नवा करार छापून झाला. मग नागरीचे काम निघाले. काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरे धरून नागरीच्या पुऱ्या संचाला सुमारे सातशे ठसे लागत होते.

हे काम कसे चालते ते थोडक्यात सांगतो. पोलादाच्या बोटभर कांडीच्या टोकावर अक्षर उलटे आणि उठावाचे कोरायचे. तो झाला ठसा. तांब्याच्या तुकड्यावर हा ठसा घणाने ठोकला की तिथे अक्षराचा खळगा पडतो. तो झाला साचा. साच्यात शिशाचा रस ओतला की खिळा निघतो. खिळे हवे तितके ओतता येतात, पण ठसा एकदाच कोरायचा असतो. त्यात केसाएवढी रेघ चुकली तर ती चूक हजारो प्रतींत उमटते. आपल्या भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांवर नक्षी ठोकणारे हात ज्यांनी पाहिले असतील त्यांना या कामातली एकाग्रता वेगळी सांगायला नको. पंचाननने ही विद्या आपला जावई मनोहर याला शिकवली. १८०४ च्या सुमारास पंचानन वारला, आणि पुढची कित्येक वर्षे श्रीरामपूरच्या छापखान्याची अक्षरे मनोहरच्या हातून उतरत राहिली.

आता कॅरेचा मराठीशी संबंध कसा आला ते पाहू. १८०० मध्ये गव्हर्नर जनरल वेलस्ली याने कंपनीच्या तरुण अंमलदारांना देशी भाषा शिकवण्यासाठी कलकत्त्यात फोर्ट विल्यम कॉलेज काढले. १८०१ पासून कॅरे तिथे महिना ५०० रुपयांवर बंगाली आणि संस्कृत शिकवू लागला. पुढे मराठीही त्याच्याकडे आली. काळ लक्षात घ्या. १८०३ मध्ये इंग्रज-मराठे युद्ध पेटले. अडगाव आणि गाविलगड इथे नागपूरकर भोसल्यांचा पराभव झाला आणि डिसेंबरात देवगावचा तह झाला. १८०४ मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन नागपूरला कंपनीचा रेसिडेंट म्हणून आला. आपला भंडारा मुलूखही तेव्हा भोसल्यांच्या राज्यातच होता. कंपनीला आता मराठी दरबारांशी रोजचा पत्रव्यवहार करायचा होता, आणि दरबारचे प्रत्येक पत्र मोडीत होते. बाळबोध शिकलेला साहेब मराठी पोथी वाचू शकला असता, पण नागपूरहून आलेला खलिता त्याला उलगडला नसता.

कॅरेच्या मदतीला कॉलेजचे मराठीचे मुख्य पंडित वैजनाथ होते. त्यांच्या साह्याने १८०५ मध्ये कॅरेने मराठी भाषेचे व्याकरण छापले. त्यातली मराठी नागरी अक्षरांत आहे. त्याच वर्षी मत्तयाचे शुभवर्तमानही मराठीत निघाले. आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी शब्दकोश बाहेर पडला. सहाशेहून अधिक पानांच्या या ग्रंथात मराठी शब्द मोडीच्या खिळ्यांनी छापले आहेत आणि त्यांचे अर्थ इंग्रजीत दिले आहेत.

मोडी छापणे म्हणजे काय पंचाईत असेल, याची कल्पना जुळाऱ्याचे काम पाहिलेल्यालाच येईल. हाताने लिहिताना रेघ आधी ओढलेली असते आणि अक्षरे तिच्याखाली एका श्वासात वाहत जातात. खिळ्यांत प्रत्येक अक्षर सुटे. म्हणून ती अखंड रेघ अक्षराअक्षराच्या रुंदीइतकी तोडायची आणि छापताना पुन्हा अशी जुळवायची की सांधा दिसू नये. कान्याची जोडणी प्रत्येक व्यंजनाशी वेगळी, म्हणून नुसता काना सुटा ठेवून भागत नाही. शिवाय मोडीचे एकच एक वळण नव्हते. पुण्याच्या कारकुनाचे वेगळे, सावकाराचे वेगळे. खिळ्यात एकच वळण बसणार. म्हणजे ठसा कोरण्यापूर्वी हजार हातांतून एक हात निवडावा लागतो. आल्डसच्या कारागिरालाही व्हेनिसमध्ये हेच करावे लागले होते. आंधळेपणाने नक्कल करून हे होत नाही. धावत्या हाताची चाल ओळखून तिला थांबवावे लागते, आणि थांबवूनही ती धावते आहे असे वाटायला लावावे लागते.

शब्दकोशानंतर मोडीच्या खिळ्यांचा उपयोग गोष्टींच्या पुस्तकांसाठी झाला. १८१४ मध्ये सिंहासनबत्तिशी निघाली. नंतरच्या दोन वर्षांत हितोपदेश आणि नागपूरच्या रघुजी भोसल्यांची वंशावळी ही पुस्तके छापली गेली. ही पुस्तके मुख्यतः साहेबांना वाचनाचा सराव व्हावा म्हणून होती. तरीही मला या वंशावळीचे फार अप्रूप वाटते. आपल्याच मुलखाच्या राजघराण्याची हकीकत, ते राज्य उभे असतानाच, इथून शेकडो कोस दूर हुगळीच्या काठी बंगाली कारागिरांच्या खिळ्यांनी, मराठ्यांच्या दप्तरी अक्षरात छापली जात होती.

मधल्या काळात छापखान्यावर एक मोठे संकट येऊन गेले. ११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी तिथे आग लागली. कॅरे त्या वेळी कलकत्त्यात होता. मार्शमनने दुसऱ्या दिवशी जाऊन त्याला ही बातमी सांगितली. कागदाचा मोठा साठा, अनेक लिप्यांचे ओतलेले खिळे आणि कॅरेची वर्षानुवर्षांच्या श्रमांची हस्तलिखिते जळून गेली. अनेक भाषांतील शब्द एकत्र मांडणारा एक मोठा कोश तो तयार करत होता, तोही त्यात गेला. नुकसान सुमारे दहा हजार पौंडांचे होते. पण राख उपसताना पोलादी ठसे आणि साचे शाबूत सापडले. खिळे वितळून गेले होते. ती वितळलेली धातू गोळा करून, कारागिरांना रात्रंदिवस कामाला लावून वॉर्डने पुन्हा ओतकाम सुरू केले आणि काही आठवड्यांत छपाई पुन्हा चालू झाली. कॅरेची हस्तलिखिते मात्र पुन्हा ओतून निघण्यासारखी नव्हती. तो तेव्हा पन्नाशी ओलांडलेला होता. त्याने तक्रार न करता जे पुन्हा करता येण्याजोगे होते ते पहिल्या पानापासून लिहायला घेतले. जोडा उसवला तर पुन्हा शिवायचा, ही उमेदवारीतली सवय त्याला या वेळी उपयोगी पडली असावी, असे मला वाटते.

कॅरेच्या बाकीच्या कामांची यादी लांब आहे. १८१८ मध्ये श्रीरामपूरहून समाचार दर्पण हे बंगाली वृत्तपत्र निघू लागले आणि त्याच वर्षी श्रीरामपूर कॉलेजची स्थापना झाली. १८२० मध्ये त्याने शेती आणि बागायतीच्या सुधारणेसाठी एक संस्था काढली. वाळवी लागणार नाही असा कागद छापखान्यातच तयार होऊ लागला. सतीची चाल बंद व्हावी म्हणून तो अनेक वर्षे झटत होता. डिसेंबर १८२९ मध्ये बंदीचा कायदा झाला तेव्हा त्याच्या बंगाली भाषांतराचे काम त्याच्याकडे आले. तो दिवस रविवार होता, उपासनेचा. पण एका दिवसाचा उशीर म्हणजे आणखी किती चिता, हे जाणून त्याने उपदेशाचे काम दुसऱ्याकडे सोपवले आणि संध्याकाळपर्यंत भाषांतर पुरे केले. झाडांचे त्याला विलक्षण वेड होते. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग याने एका झाडाला त्याचे नाव दिले : कॅरेया आर्बोरिया. हे झाड म्हणजे आपल्या जंगलातली कुंभी. तेव्हा ज्याचे नाव परके वाटते तो माणूस आपल्या रानातही उभा आहे.

९ जून १८३४ रोजी श्रीरामपूरला कॅरेचा अंत झाला. इंग्लंड सोडल्यापासून एक्केचाळीस वर्षांत तो एकदाही मायदेशी गेला नव्हता. मनोहर त्याच्या मागेही काम करत राहिला. १८३९ मध्ये आलेल्या एका पाहुण्याने त्याला पाहिले, तेव्हा तो आपल्या आवडत्या देवाच्या मूर्तीखाली मांडी घालून बसला होता आणि बायबलसाठी खिळ्यांचे काम करत होता. धर्मांतरासाठी उभा राहिलेला हा छापखाना अशा एका हिंदू कारागिराच्या हातांवर चालला होता. दोघांच्या श्रद्धा वेगळ्या होत्या, पण अक्षर सुबक उतरले पाहिजे या एका गोष्टीवर दोघांचे एकमत होते.

मग छापील मोडीचे पुढे काय झाले? १८३१ मध्ये मुंबईत मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश निघाला तो बाळबोधीत. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅमने, नंतर जावजी दादाजींच्या निर्णयसागरने बाळबोधीचे खिळे इतके देखणे केले की छापील मराठी म्हणजे बाळबोध हे कायमचे ठरून गेले. मोडीची जी थोडी छपाई पुढे होत राहिली ती मुख्यतः शिळाप्रेसवर, म्हणजे हाताने लिहिलेलेच दगडावर उतरवून. खिळ्यांत मोडी रुजली नाही. बाळबोध वाचायला सोपी, ऱ्हस्वदीर्घ स्पष्ट, आणि सुटी अक्षरे खिळ्यांना सोयीची. यात कोणाचा दोष नाही. पण परिणाम असा झाला की मोडीच्या वाट्याला फक्त लेखणी उरली. १९५० च्या दशकात ती सरकारी कामकाजातून आणि शाळांतून गेली, आणि पुढे तर सगळ्यांच्या हातातली लेखणीच गेली. इंग्रजी अक्षराचा धावता हात आल्डसमुळे खिळ्यांत टिकला आणि कॉम्प्युटरवर जिवंत आहे. आपला धावता हात छापखान्याबाहेर राहिला. म्हणून आज मराठी इटॅलिक करायला गेलो की अक्षर नुसते कलंडते. त्याच्यामागे दुसरे अक्षर उभे नाही.

ही केवळ सौंदर्याची हानी नाही. आमच्या घरी आजोबांच्या लाकडी पेटीत पाच-सहा मोडी कागद आहेत. ते शेताचे आहेत, कर्जाचे आहेत, की नुसते ख्यालीखुशालीचे, हे घरात कोणी सांगू शकत नाही. माझ्या वर्गातल्या आणखी तिघांच्या घरी असेच कागद निघाले. पुण्याच्या पुराभिलेखागारात तर मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल बांधलेले आहेत. एकेकाळी आपले कागद परक्यांना वाचता यावेत म्हणून मोडीला खिळ्यांत बसवले गेले. आज ते कागद आपल्यालाच वाचता येत नाहीत.

तरी निराश होण्याचे कारण नाही. २०१४ मध्ये युनिकोड या जागतिक अक्षरसंचात मोडीला स्वतंत्र जागा मिळाली, म्हणजे कॉम्प्युटरवर ती आता रीतसर लिहिता येते. राज्याच्या पुराभिलेख विभागातर्फे मोडीचे प्रशिक्षणवर्गही घेतले जातात. काही हौशी मंडळी मानचिन्हांवर, पुस्तकांच्या वेष्टनांवर, क्वचित लग्नपत्रिकेवरही मोडीतली नावे घालू लागली आहेत. मला हा उपयोग योग्य वाटतो. सगळा मजकूर मोडीत छापा असे कोणी म्हणणार नाही. पण उभ्या बाळबोधीच्या शेजारी एखादे नाव, एखादी ओळ धावत्या मोडीत आली तर इंग्रजीत इटॅलिक जे काम करते तेच काम ती आपल्या अंगच्या डौलाने करील. त्यासाठी बाळबोधीला कलंडायला लावण्याची गरज पडणार नाही.

मात्र सजावटीसाठी अक्षर काढणारे हात आणि जुना कागद वाचणारे डोळे, दोन्ही तयार व्हायला हवेत. मोडी शिकायला काही महिने पुरतात, असे शिकलेले लोक सांगतात. पाच-सात भाषा जोडे शिवता शिवता शिकलेल्या माणसाचे चरित्र वाचून झाल्यावर, आपल्याच भाषेची दुसरी लिपी शिकायला वेळ नाही असे म्हणायला जीभ रेटत नाही. येत्या सुट्टीत आम्ही चौघांनी मोडीची मुळाक्षरे गिरवायचे ठरवले आहे. सरावाला आजोबांच्या पेटीतले कागद आहेतच.